संदेश कोठे अडला?
शासकीय संगणक-प्रणालींच्या जोडणीतील दोषशोधन व विस्तार

(अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासाठी भरविलेल्या जिल्हास्तरीय प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय 'एंटरप्राइझ सर्व्हिस बस : दोषशोधन व विस्तार' असा छापला आहे. हे नाव वाचून काही मंडळींनी चहाची सुट्टी थोडी लांबविली असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर आहे. शासनाचे म्हणणे लोकांना आणि लोकांचे म्हणणे शासनाला कळेल अशा भाषेत मांडणे, एवढाच माझा व्यवसाय. परंतु गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींचे स्वरूप पालटले आहे. 'अर्ज दिला, पोच मिळाली, साहेबांनी मंजूरही केला, पण पैसे आले नाहीत' असे सांगणारा मनुष्य ज्या ज्या कार्यालयात जातो तेथे त्याला 'आमच्याकडून गेले आहे' हेच उत्तर मिळते. ते उत्तर बहुधा खरे असते आणि तरीही पैसे आलेले नसतात. 'येथून गेले' आणि 'तेथे आले' यांच्या मधली जी जागा आहे, तिच्याविषयी मला आज बोलावयाचे आहे.

प्रथम नावाचा उलगडा करू. येथे 'बस' म्हणजे आपली एस. टी. नव्हे, परंतु दोघींचे कूळ एकच. लॅटिन भाषेतील 'ऑम्निबस' या शब्दाचा अर्थ 'सर्वांसाठी' असा आहे. त्याचे शेपूट तुटून प्रवासी गाडीस 'बस' हे नाव पडले. विजेच्या फलकावर ज्या एका जाड पट्टीवरून अनेक तारांना वीज दिली जाते तिला 'बसबार' म्हणतात, आणि तेथूनच हा शब्द संगणकाच्या क्षेत्रात आला. अनेकांनी मिळून वापरावयाचा सामायिक मार्ग, असा त्याचा भावार्थ आहे.

या मार्गाची गरज का पडते, हे साध्या गणिताने कळेल. दहा खात्यांच्या दहा संगणक-प्रणाली आहेत व प्रत्येकीस इतर प्रत्येकीशी बोलावयाचे आहे असे धरले, तर ४५ स्वतंत्र जोडण्या कराव्या लागतात. खाती वीस झाली की जोडण्या १९० होतात. शिवाय प्रत्येक खात्याची भाषा निराळी. एक जन्मदिनांक वर्षापासून लिहितो, दुसरा दिवसापासून. एक पूर्ण नाव एका रकान्यात ठेवतो, दुसरा तीन रकान्यांत. यावर उपाय म्हणून मध्ये एक सामायिक यंत्रणा उभी करतात. प्रत्येक खात्याने आपला एकच फाटा तिला जोडावयाचा. संदेश घेणे, तो नमुन्याबरहुकूम आहे की नाही हे पाहणे, त्याचे पुढच्याच्या भाषेत रूपांतर करणे, योग्य पत्त्यावर धाडणे, पुढचे दार बंद असल्यास तो सांभाळून ठेवणे आणि या सर्वांची नोंद करणे, ही तिची कामे होत. आपल्या कचेरीतील आवक-जावक शाखा, दुभाषा आणि टपालवाला या तिघांना एका खोलीत बसविले तर जे होईल ते हेच.

ही कल्पना या नावाने २००२ च्या सुमारास रूढ होऊ लागली आणि २००४ मध्ये डेव्हिड चॅपेल यांचा याच नावाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्या देशात राष्ट्रीय ई-शासन योजनेला मे २००६ मध्ये मंजुरी मिळाली. तिच्या अंतर्गत खात्याखात्यांमधील संदेशांची ने-आण करण्यासाठी सी-डॅक या संस्थेने राष्ट्रीय सेवा वितरण गेटवे उभारला. तो २००८ साली सुरू झाला. एस्टोनिया या चिमुकल्या देशाने मात्र २००१ पासूनच 'एक्स-रोड' नावाची निराळी पद्धत पत्करली होती. तेथे मधली पेटी अशी नाहीच. प्रत्येक कार्यालयाच्या दारात एकेक सुरक्षा-सर्व्हर आहे. संदेश एका दारातून थेट दुसऱ्या दारात जातो आणि दोन्ही दारांवर त्याची स्वाक्षरीयुक्त नोंद राहते. पुढे फिनलंडनेही ती पद्धत स्वीकारली. दोन्ही पद्धतींत गुण-दोष आहेत. परंतु दोष शोधण्याची रीत पुष्कळशी सारखीच आहे, म्हणून मी तिकडे वळतो.

साखळीचे एक उदाहरण

आपल्या सर्वांच्या परिचयाचा विषय घेऊ. लाभाची रक्कम थेट बँक खात्यात जमा करण्याची पद्धत केंद्र शासनाने १ जानेवारी २०१३ पासून टप्प्याटप्प्याने सुरू केली. त्याआधी २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले होते, हे आपणांस स्मरत असेलच. आता एखाद्या विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती आधारच्या मार्गे निघाली की तिचा प्रवास साधारणतः असा होतो : खात्याच्या प्रणालीत अर्ज मंजूर होतो; देयकाचा संदेश वित्तीय व्यवस्थापन प्रणालीकडे जातो; तेथून शासनाच्या बँकेकडे; बँकेकडून भारतीय राष्ट्रीय भुगतान निगमाकडे; आणि तेथून विद्यार्थिनीच्या बँकेकडे. मग याच वाटेने उलट दिशेने 'जमा झाले' किंवा 'परत आले' असा जबाब येतो. जाताना चार-पाच मुक्काम, येताना पुन्हा तेवढेच.

यातील एक मुक्काम विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. भुगतान निगमाकडे जी जुळणी-सूची असते, तिच्यात आधार क्रमांकासमोर खाते क्रमांक लिहिलेला नसतो, केवळ बँकेची ओळख असते. ज्या बँकेत त्या व्यक्तीने अगदी अलीकडे आपला आधार या कामासाठी जोडून दिला, तीच बँक त्या सूचीत राहते. अर्जासोबत कोणते पासबुक जोडले होते, हे तेथे कोणी विचारीत नाही. एका वृद्ध बाईंचे अनुदान चार हप्ते 'गायब' असल्याची तक्रार मी ऐकली होती. बाई दर महिन्याला जुन्या बँकेत जात आणि रिकाम्या हाताने परत येत. पैसे नियमित जमा होत होते. मात्र एका शिबिरात उघडून दिलेल्या दुसऱ्या बँकेच्या खात्यात. त्या खात्याचे पासबुक फडताळात कोऱ्या स्थितीत सापडले. यंत्रणेच्या दृष्टीने येथे काहीही बिघडले नव्हते. प्रत्येक संदेश पोचला होता आणि प्रत्येक जबाब 'यशस्वी' असाच होता. म्हणून दोषशोधन करणाऱ्याने यंत्राचा 'यशस्वी' हा शेरा आणि माणसाचा अनुभव या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्यात असे मला वाटते.

नकार, विलंब आणि मौन

संदेश अडला म्हणजे तीनपैकी एक गोष्ट घडलेली असते. पुढच्याने तो नाकारला. पुढचा व्यग्र असल्यामुळे तो रांगेत थांबला. किंवा काहीच उत्तर आले नाही. या तिन्हींवरचे इलाज निराळे आहेत, आणि आपल्याकडे मात्र तिन्हींसाठी 'सर्व्हर डाऊन आहे' हा एकच शब्दप्रयोग चालतो. माझ्या मते या दोन शब्दांनी जेवढी हानी केली आहे तेवढी प्रत्यक्ष बंद पडलेल्या सर्व्हरांनीही केलेली नाही.

नकार हा सर्वांत सुखाचा प्रकार होय, कारण नकाराबरोबर कारण येते. विलंबही सोसता येतो. पुढचे दार उघडले की रांग आपोआप सरकते. पण एखादा सदोष संदेश रांगेच्या अग्रभागी अडून बसला व मागचे सर्व क्रमानेच गेले पाहिजेत असा नियम असला, तर एकापायी शेकडो खोळंबतात. अशा संदेशास काही ठरावीक प्रयत्नांनंतर बाजूस काढून वेगळ्या पेटीत ठेवण्याची सोय असते. पोस्ट खात्यात पत्ता न लागलेल्या पत्रांसाठी 'डेड लेटर ऑफिस' असे, त्यावरूनच या पेटीस 'डेड लेटर क्यू' हे नाव मिळाले. पोस्टाच्या त्या कचेरीत पत्र उघडून पाहणारा एक कारकून नेमलेला असे. आपल्या यंत्रणेतही पेटी असते. ती रोज उघडून पाहणारा कारकून नेमलेला असतो का, हा प्रश्न संबंधितांनी स्वतःस विचारावा. ज्या पेटीचा कोणी धनी नाही, तीत पडलेला संदेश म्हणजे प्रत्यक्षात कोणाचे तरी अडलेले प्रवेशपत्र असते, नाहीतर कोणाचा तरी अडलेला पगार.

मौन मात्र खरोखरच कठीण. पूर्वी आपण गावी मनिऑर्डर करीत असू. सहीची पावती परत आली नाही म्हणून लगेच दुसरी मनिऑर्डर कोणी करीत नसे. कारण पैसे पोचले असून पावतीच वाटेत राहिली असण्याचाही संभव असे. संगणकाच्या जोडणीत नेमके हेच घडते. ठरावीक सेकंदांत उत्तर आले नाही की पाठविणारी प्रणाली 'अयशस्वी' असा शिक्का मारते आणि पुन्हा पाठवते. पलीकडे पहिलाही पोचलेला असतो आणि दुसराही पोचतो. परिणामी रक्कम दोनदा जमा होते. मग वसुली सुरू होते, आणि ती ज्याच्याकडून होते त्या गरीब माणसाने तोपर्यंत ते पैसे बियाण्यात घातलेले असतात.

यावरील उपाय जुनाच आहे. प्रत्येक संदेशास उगमस्थानीच एक अनन्य क्रमांक द्यावयाचा, तो शेवटच्या मुक्कामापर्यंत बदलावयाचा नाही, आणि घेणाऱ्याने तोच क्रमांक पुन्हा आल्यास काम पुन्हा न करता पहिलेच उत्तर परत द्यावयाचे. जावक क्रमांकाची हीच तर रीत आहे. पुष्कळ ठिकाणी प्रत्येक मुक्काम आपापला नवा क्रमांक देतो व जुना टाकून देतो. मग पाच नोंदवह्या समोर असूनही एका अर्जाचा माग काढता येत नाही. नवीन प्रणालीच्या करारनाम्यात कोणती अट घालावी असे मला कोणी विचारले, तर मी ही एकच सांगेन.

दिसायला एक, असायला दोन

आता नकारांची काही कारणे पाहू. यंत्राचे बिघाड त्यात थोडे असतात. बहुतेक कारणे लिहिण्या-वाचण्याची असतात, आणि म्हणून शिक्षक बंधूंना यात विशेष रस वाटेल.

'शिंदे' हे आडनाव कोणी अनुस्वाराने लिहितो, कोणी 'शिन्दे' असे अर्धा न जोडून लिहितो. वाचणाऱ्याला दोन्ही एकच; संगणकाला ही दोन भिन्न माणसे. 'गोऱ्हे', 'कुऱ्हाडे' यांसारख्या आडनावांची गोष्ट याहून अवघड आहे. आपला डोळ्यांच्या पापणीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला र वापरतात, दुसऱ्यात साध्या र नंतर हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही रूपे हुबेहूब सारखी दिसतात. तक्रारदार, लिपिक आणि अधिकारी तिघेही पडद्याकडे बोट दाखवून 'नाव तर बरोबर आहे' म्हणतात, आणि यंत्र 'नाव जुळत नाही' या हट्टावर कायम राहते. येथे माणसे खरी आहेत आणि यंत्रही खरे आहे. संदेश मधल्या मार्गावर येताच सर्व रूपे एकाच प्रमाण रूपात आणणे, हाच इलाज. तो प्रत्येक खात्याने आपापल्या परीने करण्यापेक्षा एकाच जागी करणे इष्ट.

दुसरे उदाहरण दिनांकाचे. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. एखादी प्रणाली जन्मदिनांकासोबत 'रात्री बारा' ही वेळही साठविते व पुढे पाठविताना तिचे जागतिक वेळेत रूपांतर करते. आपली रात्रीची बाराची वेळ म्हणजे तिकडे आदल्या दिवसाचे सायंकाळचे साडेसहा. पुढच्या प्रणालीने वेळ गाळून केवळ दिनांक ठेवला की १५ जून २०१२ रोजी जन्मलेला मुलगा १४ जूनला जन्मतो. आपल्याकडे एके काळी गुरुजींच्या कृपेने निम्मा वर्ग १ जून रोजीच जन्मास येत असे. तो सबंध वर्ग अशा जोडणीतून ३१ मे रोजी बाहेर पडेल. एखाद्या शाळेतील सर्वच मुलांच्या जन्मतारखा एकेका दिवसाने मागे गेल्याचे दिसले, तर मुख्याध्यापकांनी एकेक तारीख दुरुस्त करीत बसू नये. दोष मुलांच्या नोंदींत नसून वाटेत आहे, असे लेखी कळवावे.

तिसरे, संकेतांकांचे. १ एप्रिल २०२० रोजी अनेक राष्ट्रीयीकृत बँकांचे विलीनीकरण झाले, आणि पुढे यथाकाल त्यांच्या शाखांचे जुने आय.एफ.एस. संकेतांक बाद झाले. ज्या प्रणालींनी आपली सूची नवी केली नाही त्यांचे संदेश अर्थातच परत आले. जिल्ह्यांचेही तसेच. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर व धाराशिव, आणि २०२४ मध्ये अहिल्यानगर ही नावे अमलात आली. जुळणी नावावर बेतलेली असेल तर प्रत्येक नामांतरागणिक ती मोडणार. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने स्थानिक शासन निर्देशिकेत गावापासून जिल्ह्यापर्यंत प्रत्येकास संकेतांक दिला आहे, तो अशाच अडचणींसाठी. जुळणी संकेतांकावर करावी. नाव केवळ माणसाच्या सोयीसाठी दाखवावे.

आणखी एक कारण जाता जाता सांगतो. दोन प्रणाली एकमेकींना ओळखतात ते डिजिटल प्रमाणपत्राच्या आधारे, आणि त्या प्रमाणपत्रास मुदत असते. काल संध्याकाळपर्यंत सर्व सुरळीत आणि आज सकाळी एकही संदेश जात नाही, कोणी काही बदललेले नाही, असे असेल तर प्रथम ही मुदत पाहावी.

नवी शाखा जोडताना

विस्ताराविषयी थोडे बोलतो. चालू मार्गावर नवे खाते जोडावयाचे झाल्यास जुन्या संदेशाचा नमुना मोडू नये. त्यात भर घालावी. नवा रकाना ऐच्छिक ठेवावा, म्हणजे ज्यांना तो ठाऊक नाही त्यांचे अडत नाही. रकान्याचे नाव बदलणे किंवा जुन्याच रकान्यात नवा अर्थ भरणे हे टाळावे. दुसरा प्रकार तर फारच घातक, कारण त्यात नकार येत नाही, चुकीचे काम मात्र बिनबोभाट होत राहते. नमुना बदलणे अटळ असेल तर नव्या नमुन्यास नवा अनुक्रमांक द्यावा आणि सर्व खाती त्यावर येईपर्यंत जुनाही चालू ठेवावा. चाचणीसाठी कल्पित माहिती वापरावी, खऱ्या माणसांची नव्हे.

योजनेचे नियम या मधल्या यंत्रणेत घालावेत काय, असा प्रश्न नेहमी उपस्थित होतो. घालू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. उत्पन्नाची मर्यादा अमुक असावी हा निर्णय खात्याचा असतो. तो सोय म्हणून मार्गावरच बसविला, तर नवा शासन निर्णय निघाल्यावर खाते आपली प्रणाली बदलते आणि मार्गावरचा जुना नियम कोणाच्याच स्मरणात राहत नाही. पात्र मनुष्य नाकारला जातो, आणि खात्याच्या एकाही अधिकाऱ्याने त्याला नाकारलेले नसते. टपालवाल्याने पत्र पोचवावे. ते मंजूर करण्याचा अधिकार त्याच्या हाती जाऊ देऊ नये. सर्व काही एका मध्यवर्ती मार्गात कोंबल्याने तो जड होतो, आणि तो थांबला की सगळेच थांबते. याच अनुभवावरून गेल्या दहा-बारा वर्षांत अनेक संस्थांनी मधला मार्ग हलका व टोके शहाणी ठेवण्याचे धोरण स्वीकारले आहे.

दुसरी दक्षता खासगीपणाची. ज्या वाटेने सर्व संदेश जातात त्या वाटेवर उभा असणाऱ्याला सर्व काही दिसते. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये संसदेने कायदा केला आहे. त्याची भावना ध्यानी घेता, दुसऱ्या खात्याकडे सबंध नोंद मागण्यापेक्षा 'ही व्यक्ती या अटीत बसते काय' एवढेच विचारून हो किंवा नाही असे उत्तर घेणे पुरेसे असते. दोष शोधण्याच्या निमित्ताने लोकांच्या नोंदींची चित्रे मोबाइलवरील गटांतून फिरविली जातात, तीही बंद झाली पाहिजेत. संदेशाचा क्रमांक पाठविला की पुरे.

आता ग्रामपंचायत आणि शाळा यांच्या पातळीवर काय करता येईल ते सांगतो, कारण आपल्यापैकी कोणाच्याही हाती तो मधला मार्ग नाही. प्रत्येक कार्यालयात एक साधी वही ठेवावी. तीत अर्जाचा अथवा व्यवहाराचा क्रमांक, पाठविल्याचा दिनांक व वेळ, पडद्यावर आलेला मजकूर अक्षरशः जसाच्या तसा, आणि तोच अर्ज पुन्हा पाठविला असल्यास किती वेळा, एवढे रकाने असावेत. 'एरर आला' असे लिहू नये. कोणता आला ते लिहावे. एकाच दिवशी शेजारच्या गावातही तसेच झाले काय, हे दूरध्वनीवरून विचारून त्याच ओळीत नोंदवावे. एकट्याचे अडले असेल तर दोष बहुधा नोंदीत असतो, सर्वांचे अडले असेल तर वाटेत. उत्तर आले नसेल तर पुन्हा पाठविण्यापूर्वी आधीच्याची स्थिती पाहावी. आणि तक्रारदारास परत पाठविताना त्याच्या हाती कागदाच्या चिठ्ठीवर तो क्रमांक व संदेश कोणत्या मुक्कामापर्यंत पोचल्याचे दिसते ते लिहून द्यावे, म्हणजे पुढच्या कचेरीत त्याला पहिल्यापासून सारे सांगत बसावे लागणार नाही. या वहीचा एक नमुना दरवाजाजवळील टेबलावर ठेवला आहे. जाताना प्रत्येकाने एकेक प्रत घ्यावी.